विश्लेषण : छातीतला पेसमेकर रोज रात्री रिपोर्ट पाठवतो, पण तो वाचतं कोण?

रात्रीचे दोन वाजलेत. घरात सगळे गाढ झोपलेत. पलंगाशेजारच्या टेबलवर, चष्मा आणि गोळ्यांच्या डब्याच्या बाजूला ठेवलेल्या एका छोट्या बॉक्सवरचा दिवा काही क्षण लुकलुकतो. झोपलेल्या माणसाला याचा पत्ताही लागत नाही. पण तेवढ्यात त्याच्या छातीतल्या पेसमेकरने दिवसभराचा हिशोब बॉक्सकडे दिलेला असतो. बॅटरी किती उरली, हृदयाकडे जाणारी वायर नीट आहे का, ठोके कधी भरकटले, असं सगळं त्यात असतं. बॉक्स ती माहिती मोबाइल नेटवर्कवरून कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो आणि सकाळी हॉस्पिटलच्या स्क्रीनवर ती दिसू शकते.

यालाच रिमोट मॉनिटरिंग म्हणतात. आता तर बॉक्सही मागे पडत चाललाय आणि त्याची जागा पेशंटच्या स्वतःच्या मोबाइलने घेतली आहे. हे नेमकं चालतं कसं? त्याने खरंच फरक पडतो का? आणि घरात कोणाला पेसमेकर बसवायची वेळ आली, तर याबद्दल डॉक्टरांना काय विचारायला हवं?

पेसमेकर बसवल्यावर तपासायचं काय असतं?

हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो ठरावीक वेगाने विजेचा सौम्य झटका देतो आणि त्या तालावर हृदय आकुंचन पावतं. हा पुंजका थकला किंवा त्याचा संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासा झाला की ठोके मंदावतात, चक्कर येते, माणूस कोसळतो. पेसमेकर ही उणीव भरून काढतो. कॉलरबोनच्या खाली, त्वचेच्या आत बसवलेलं हे यंत्र वायरमधून हृदयावर सतत लक्ष ठेवतं आणि नैसर्गिक ठोका आला नाही, तरच स्वतः झटका देतं. या वायरला डॉक्टरांच्या भाषेत ‘लीड’ म्हणतात.

म्हणजे यंत्र एकदा बसवलं की काम संपलं, असं नाही. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षांत संपते. लीड हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर वाकते, त्यामुळे क्वचित ती आतून तुटते किंवा तिच्यावरचं आवरण फाटतं. ती तुटली तर विजेला होणारा अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, एकदम वाढतो. आवरण फाटलं तर तो घटतो. पेशंटला काही जाणवण्याआधी हे आकडे बिघडलेले असू शकतात. म्हणून दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने ‘पेसमेकर चेकिंग’ला बोलावलं जातं.

प्रश्न असा की दोन तपासण्यांच्या मधल्या काळात काही बिघडलं तर कळणार कसं? गेल्या पन्नास वर्षांत या क्षेत्रात जे काही बदललं, ते या एका प्रश्नामुळे.

सुरुवात झाली टेलिफोनच्या रिसीव्हरपासून

पूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का हॉस्पिटलमध्ये आर्ने लार्सन यांना बसवण्यात आला. सर्जन होते ओके सेनिंग आणि यंत्र बनवलं होतं इंजिनीअर रुने एल्मक्विस्ट यांनी. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण लार्सन त्यानंतर वीसहून जास्त पेसमेकर बदलत २००१ पर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले. ज्यांनी यंत्र बसवलं आणि ज्यांनी ते बनवलं, त्या दोघांच्या मृत्यूनंतरही ते हयात होते.

सुरुवातीच्या पेसमेकरमधली पारा-झिंकची बॅटरी जेमतेम दोन-एक वर्षं चालायची. ती कधी संपेल याचा नेम नसायचा. त्यावर न्यूयॉर्कचे सर्जन सेमूर फरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ च्या सुमारास उपाय मांडला, तो टेलिफोनचा. पेशंटने घरी मनगटांना इलेक्ट्रोड लावायचे, ते एका छोट्या यंत्राला जोडायचे आणि टेलिफोनचा रिसीव्हर त्यावर ठेवायचा. हृदयाच्या ठोक्यांचं रूपांतर चढउतार होणाऱ्या आवाजात व्हायचं. पलीकडे क्लिनिकमध्ये त्या आवाजाचा पुन्हा ईसीजी काढला जायचा.

गंमत म्हणजे बॅटरी तपासायला एक साधं लोहचुंबक पुरेसं असायचं. छातीवर चुंबक धरलं की पेसमेकर नैसर्गिक ठोक्यांची वाट न पाहता ठरलेल्या वेगाने झटके देऊ लागतो. बॅटरी उतरत आली की हा वेग कमी होतो. फोनवरून तेवढा वेग मोजला की यंत्र बदलायची वेळ आली का, हे कळायचं. अमेरिकेत ही पद्धत अनेक दशकं चालली. आपल्याकडे त्या काळात टेलिफोनच्या कनेक्शनसाठीच वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, त्यामुळे असली सोय इथल्या सामान्य पेशंटच्या वाट्याला येणं अवघडच होतं.

या पद्धतीत एक मोठी मर्यादा होती. फोन चालू असेल तेवढ्याच मिनिटांचं कळायचं. काल रात्री अडीच वाजता ठोके अनियमित झाले होते, हे फोनवरून समजायचा मार्ग नव्हता.

पेशंटचं काम यंत्राने स्वतःकडे घेतलं

पुढे पेसमेकरमध्ये मेमरी आली. यंत्र स्वतःच नोंदी ठेवू लागलं. मग या नोंदी बाहेर काढायच्या कशा? हॉस्पिटलमध्ये ‘प्रोग्रामर’ नावाचं लॅपटॉपसारखं यंत्र असतं. त्याला जोडलेला, कॉम्प्युटरच्या माउसएवढा रीडर छातीवर ठेवला की माहिती वाचता येते. २००२ मध्ये मेडट्रॉनिक कंपनीने अमेरिकेत ‘केअरलिंक’ ही सेवा आणली आणि असाच रीडर पेशंटच्या घरी पोहोचला. ठरलेल्या दिवशी पेशंटने तो छातीवर ठेवायचा, माहिती टेलिफोन लाइनवरून सर्व्हरला जायची आणि डॉक्टर ती वेबसाइटवर पाहायचे.

पण इथेही पेशंटला आठवण ठेवून काहीतरी करावं लागत होतं. हा भाग काढून टाकला तो बर्लिनच्या बायोट्रॉनिक कंपनीने. तिच्या ‘होम मॉनिटरिंग’ला २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची, म्हणजे एफडीएची मंजुरी मिळाली. त्यात पेसमेकरमध्येच छोटा रेडिओ होता. तो रोज आपोआप जवळच्या बॉक्सला माहिती द्यायचा आणि बॉक्स मोबाइल नेटवर्कवरून ती पुढे पाठवायचा. त्याआधी १९९९ मध्ये अमेरिकेत शरीरातल्या यंत्रांसाठी ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ हा रेडिओपट्टा राखून ठेवला गेला होता. पाठवण्याची वेळ बहुधा मध्यरात्रीनंतरची ठेवतात, कारण तेव्हा माणूस पलंगावर, म्हणजे बॉक्सच्या टप्प्यात असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

तिसरा टप्पा मोबाइलचा. नोव्हेंबर २०१७ मध्ये मेडट्रॉनिकच्या ‘अझ्युअर’ या पेसमेकरला एफडीएची मंजुरी मिळाली. यात कमी बॅटरी खाणारं ब्लूटूथ आहे. वेगळा बॉक्स लागत नाही, फोनवरचं अॅप तेच काम करतं. इतर मोठ्या कंपन्यांनीही हाच रस्ता धरला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या अॅपवरून ठरलेल्यापैकी जवळपास ९५ टक्के रिपोर्ट पोहोचल्याचं दिसलं. त्याच्याशी तुलना केली तेव्हा पलंगाशेजारच्या बॉक्सचं प्रमाण ७७ टक्के आणि रीडर हाताने छातीवर ठेवण्याच्या पद्धतीचं ५६ टक्के होतं. अर्थात, अॅप वापरणारे मुळातच फोनला सरावलेले असतात, हेही इथे लक्षात घ्यायला हवं.

बॉक्सचीही स्वतःची दुखणी आहेत. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोबाइल कंपन्यांनी थ्रीजी नेटवर्क बंद केलं, तेव्हा त्यावर चालणारे जुने बॉक्स बदलण्याची वेळ आली. छातीतलं यंत्र दहा वर्षं टिकणारं, पण ते ज्या नेटवर्कवरून बोलतं ते तेवढं टिकेलच असं नाही.

मग याने जीव वाचतो का?

इथे उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही, आणि कंपन्यांच्या जाहिरातींत हाच भाग सहसा गाळला जातो.

बिघाड लवकर कळतो, याबद्दल वाद नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रस्ट’ या अमेरिकेतल्या अभ्यासात १,३३९ पेशंट होते. त्यांच्याकडे साधा पेसमेकर नव्हता. धोकादायक ठोके थांबवण्यासाठी मोठा झटका देणारं आयसीडी हे यंत्र होतं. ठोक्यांतला बिघाड डॉक्टरांच्या नजरेला येईपर्यंत नेहमीच्या पद्धतीत मध्यमान ३६ दिवस गेले. रिमोट मॉनिटरिंगमध्ये दोन दिवसांपेक्षा कमी. साध्या पेसमेकरवर फ्रान्समध्ये ‘कॉम्पास’ हा अभ्यास झाला. त्यातल्या ५३८ पेशंटपैकी ज्यांच्यावर दुरून लक्ष ठेवलं, त्यांच्या मधल्या हॉस्पिटल-फेऱ्या ५६ टक्क्यांनी कमी झाल्या आणि सुरक्षिततेत काही कमी पडलं नाही.

जीव वाचण्याच्या प्रश्नावर मात्र दोन मोठे अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध दिशेला जातात. २०१४ चा ‘इन-टाइम’ अभ्यास हार्ट फेल्युअरच्या ६६४ पेशंटवर झाला. वर्षभरात रिमोट मॉनिटरिंगच्या गटात १० मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात २७. तीन वर्षांनी ब्रिटनमधल्या १,६५० पेशंटवरच्या ‘रेम-एचएफ’ या अभ्यासाचा निकाल आला. त्यात काहीच फरक दिसला नाही.

असं का व्हावं? दोन्हीकडे तंत्रज्ञान साधारण सारखंच होतं. पण ‘इन-टाइम’मध्ये माहिती रोज येत होती, जर्मनीतल्या लाइपझिगमधलं एक मध्यवर्ती पथक ती पाहत होतं आणि काही खटकलं की संबंधित हॉस्पिटलला कळवत होतं. ‘रेम-एचएफ’मध्ये माहिती आठवड्यातून एकदा पाहिली जायची. फरकाचं हे एकच कारण असेल असं म्हणता येणार नाही, पण या क्षेत्रातले अनेक डॉक्टर याकडेच बोट दाखवतात. रिपोर्ट पोहोचला आणि त्यावर कोणी फोन उचलला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक आकडा बोलका आहे. अमेरिकेत अशी वायरलेस सोय असलेली यंत्रं बसवलेल्या २,६९,४७१ पेशंटची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या फक्त ४७ टक्के लोकांनी ही सोय वापरली होती. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांच्या छातीत बोलू शकणारं यंत्र होतं, पण ते कोणाशी बोलतच नव्हतं.

कळलं खरं, पण आता करायचं काय?

सतत लक्ष ठेवलं की पूर्वी न दिसणाऱ्या गोष्टी दिसू लागतात. त्यातली सर्वांत चर्चेची म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची ही बेताल फडफड असते. त्यामुळे रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. २०१२ च्या ‘असर्ट’ अभ्यासात रक्तदाब असलेल्या, पेसमेकर किंवा आयसीडी बसवलेल्या २,५८० ज्येष्ठांपैकी सुमारे १० टक्के लोकांना तीन महिन्यांतच अशी फडफड होऊन गेल्याचं यंत्राच्या नोंदीत सापडलं. त्याआधी त्यांना ही व्याधी असल्याची नोंद नव्हती. त्यांच्यात पक्षाघाताचा धोका सुमारे अडीचपट होता.

मग अशांना रक्त पातळ करणारं औषध द्यायचं का? २०२३ मध्ये आलेल्या दोन अभ्यासांनी डॉक्टरांची परीक्षाच पाहिली. एकात औषधाने पक्षाघात कमी झाले, पण मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण वाढलं. दुसरा तर फायदा दिसत नसल्याने मुदतीआधीच थांबवला गेला. त्यामुळे अॅपवर किंवा रिपोर्टवर ‘एएफ’ अशी अक्षरं दिसली म्हणून मेडिकलमधून गोळी आणून सुरू करणं धोक्याचं आहे. ती फडफड किती मिनिटं चालली, पेशंटचं वय काय, आधी पक्षाघात झालाय का, हे सगळं पाहून तो निर्णय होतो.

कोणी हॅक केलं तर?

हा प्रश्न सिनेमातला वाटतो, पण अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ मध्ये टीव्हीवर सांगितलं होतं की २००७ मध्ये त्यांच्या हृदयातल्या यंत्राची वायरलेस सोय डॉक्टरांनी मुद्दाम बंद करून घेतली होती. २००८ मध्ये अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत असं यंत्र अगदी जवळून रेडिओने ताब्यात घेता येतं, हे दाखवून दिलं.

सर्वांत मोठा प्रसंग ऑगस्ट २०१७ चा. अॅबट कंपनीच्या पेसमेकरमध्ये सुरक्षेची त्रुटी आढळल्याने एफडीएने अमेरिकेतल्या सुमारे ४,६५,००० यंत्रांसाठी सॉफ्टवेअर अपडेट जाहीर केलं. हे अपडेट घरबसल्या करता येत नव्हतं. त्यासाठी प्रत्येकाला क्लिनिकमध्ये जावं लागणार होतं. अपडेटच्या सुमारे तीन मिनिटांत पेसमेकर राखीव मोडवर, मिनिटाला ६७ ठोक्यांवर चालायचा. या त्रुटीमुळे कोणाला इजा झाल्याची एकही नोंद त्या वेळी नव्हती.

आजच्या बहुतेक पेसमेकरमध्ये अॅप किंवा बॉक्स फक्त माहिती वाचतो. ठोक्यांचा वेग किंवा झटक्याची ताकद बदलायची असेल तर प्रोग्रामरसमोरच जावं लागतं. ही गैरसोय वाटते, पण सुरक्षेची ती सर्वांत भक्कम भिंत आहे.

हॅकिंगपेक्षा जवळचा प्रश्न वेगळाच आहे. ही माहिती कोणाची? अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका माणसाच्या घराला २०१६ मध्ये आग लागली. आगीतून आपण सामान घाईघाईने बाहेर काढलं, असं तो म्हणाला. पोलिसांनी वॉरंट काढून त्याच्या पेसमेकरमधल्या नोंदी मिळवल्या. त्याची गोष्ट या नोंदींशी जुळत नाही, असं एका हृदयरोगतज्ज्ञाने सांगितलं. पुढच्या वर्षी कोर्टाने या नोंदी पुरावा म्हणून ग्राह्य धरल्या. भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. पण पेसमेकर बसवताना पुढ्यात येणाऱ्या संमतीपत्रावर ही माहिती कोणत्या सर्व्हरवर जाणार, हे वाचून सही करणारे किती?

आपल्याकडचं चित्र

मोठ्या कंपन्यांचे रिमोट मॉनिटरिंगवाले पेसमेकर भारतातही बसवले जातात. कोविडच्या लॉकडाउनमध्ये या सोयीचं महत्त्व इथल्या डॉक्टरांनाही नव्याने कळलं. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची नियमावली जाहीर केल्यावर दुरून सल्ला देण्याला अधिकृत चौकटही मिळाली.

गरज कोणाला जास्त, हे नकाशावर पाहिलं तरी कळतं. पेसमेकर चेकिंगसाठी प्रोग्रामर आणि तो हाताळणारं माणूस लागतं. ते सहसा मोठ्या शहरातल्या हार्ट सेंटरमध्ये असतं. गडचिरोलीतून नागपूरला किंवा सिंधुदुर्गातून कोल्हापूर-गोव्याला जायचं, तर वयस्कर पेशंटचा आणि सोबत येणाऱ्या मुलाचा अख्खा दिवस जातो, वर गाडीभाडं. शेवटी ‘सगळं ठीक आहे, सहा महिन्यांनी या’ एवढंच ऐकायला मिळतं. रिमोट मॉनिटरिंग नेमकी हीच फेरी वाचवू शकतं. पण जिथे फेरी सर्वांत लांबची, तिथेच रेंज सर्वांत कच्ची आणि घरातला स्मार्टफोन बहुधा कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात. लोडशेडिंगमध्ये बॉक्स बंद पडला तरी पेसमेकरवर परिणाम होत नाही, नोंदी त्याच्या मेमरीत राहतात आणि जोडणी झाली की जातात. मात्र तोवर पलीकडे काहीच पोहोचत नाही.

दुसरी अडचण पैशाची. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा समावेश आहे, पण यंत्र बसवणं आणि पुढची दहा वर्षं त्यावर लक्ष ठेवणं हे दोन वेगळे खर्च आहेत. अमेरिकेत दुरून आलेला रिपोर्ट तपासण्यासाठी डॉक्टरांना पैसे मिळावेत म्हणून २००९ पासून स्वतंत्र बिलिंग कोड आहेत. रिपोर्ट पाहणं हे काम आहे आणि त्याला वेळ लागतो, हे तिथे मान्य झालंय.

आणि अनेकांसाठी गाडी त्याही आधीच्या स्टेशनवर अडलेली असते. अमेरिकेत मृत्यूनंतर काढलेले, बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५३ गरजू पेशंटना बसवण्यात आले होते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात एकालाही इन्फेक्शन झाल्याचं किंवा यंत्र बंद पडल्याचं आढळलं नाही. ज्या घरात मुळात यंत्राचीच ऐपत नाही, तिथे अॅपचा विचार कोण करणार?

घरच्यांनी काय लक्षात ठेवायचं?

सर्वांत मोठा गैरसमज असा की यंत्र जोडलेलं आहे म्हणजे कोणीतरी चोवीस तास पाहतंय. तसं नसतं. रिपोर्ट सहसा क्लिनिकच्या कामाच्या वेळेत पाहिले जातात. शनिवारी रात्री आलेला अलर्ट सोमवारी सकाळी उघडला जाऊ शकतो. चक्कर, बेशुद्धी, छातीत दुखणं, धाप लागणं, पेसमेकरच्या जागी सूज किंवा लाली, यांपैकी काही झालं तर बॉक्सच्या भरवशावर न थांबता थेट हॉस्पिटल गाठायचं किंवा १०८ ला फोन लावायचा.

म्हणून यंत्र निवडतानाच विचारायला हवं, की अलर्ट आला तर तो कोण पाहतं, किती वेळात, आणि फोन कोणाच्या नंबरवर येईल? या सोयीचे वेगळे पैसे पडतात का? बॉक्स की अॅप? आजी-आजोबांकडे साधा फोन असेल तर बॉक्स बरा. हॉस्पिटलच्या फेऱ्या किती कमी होतील, हेही विचारता येतं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, जोडणी सतत चालू असेल आणि सगळं ठीक असेल तर प्रत्यक्ष तपासणीचं अंतर २४ महिन्यांपर्यंत वाढवता येतं. अट जोडणीची आहे. ती तुटली की हे वेळापत्रक लागू होत नाही.

अॅप असेल तर फोनचं ब्लूटूथ चालू हवं आणि बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने अॅप बंद पडत नाही ना, हे पाहायला हवं. फोन रात्री पलंगाजवळ ठेवायचा, पण शर्टच्या वरच्या खिशात नाही. काही नव्या फोनमध्ये चुंबक असतात, ते पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर लांब हवेत. आणि फोन बदलला की जोडणी पुन्हा करावी लागते. जुना फोन नातवाला देण्याआधी क्लिनिकला एक फोन करून विचारता येतं. शेवटचा रिपोर्ट कोणत्या तारखेला आला, हे त्यांच्या स्क्रीनवर दिसतं.